वेगळं पातेलं

आमच्या देवळाला घंटा अशी नाही.
ट्रकच्या चाकाची लोखंडी रिम आहे,
दुरियानच्या झाडाला टांगलेली.
येरमियास गेल्यापासून ती मी वाजवते.
त्या शुक्रवारी तिन्हीसांजेला ती आपणहून वाजली,
तीनदा,
मग नुसती थरथरत राहिली.

रविवारी माणसं आली.
खालून, पालूकडून, खचलेला घाट पायी चढून.
एकाच्या काखेत कोंबडा,
एकीच्या हातात नुसती किल्ली.
घर कुठलं, विचारलं तर म्हणाली,
"होतं तिथं नाही. चिखलानं उचलून नेलं,
अंगणातल्या माडासकट, अख्खं.
शेजारच्यांचं त्याच्या अंगावरून गेलं."
सांगताना ती ओढणीच्या टोकानं
किल्ली पुसत होती.

पाळक एलिफास एरवी तासभर बोलणारे.
त्या दिवशी पायरीवरून एवढंच म्हणाले,
"बाकडी बाहेर काढा.
आणि डुकरं ओढ्यापलीकडे न्या."

डुकरं नेणं म्हणजे गंमत नाही.
सिलासची काळी मादी तीनदा परत आली,
चौथ्यांदा तिला पाठीवर बांधून नेली त्यानं,
पाहुण्यांतलं एक पोर ते बघून हसलं.
दोन दिवसांत कोणी हसलेलं ते पहिलं.

भात चुलीवर चढायच्या आधी दामारी म्हणाली,
"थांबा. पातेली."
आमच्या पातेल्यांत काय काय शिजलंय
ते आम्हालाच ठाऊक.
ते विचारणार नव्हते. भुकेला माणूस विचारत नाही.
"म्हणून तर," दामारी म्हणाली,
आणि देवळाच्या पत्र्यांसाठी साठवलेल्या डब्यातून
पैसे काढून पोरांना मोटारसायकलवर पिटाळलं.
ॲल्युमिनियमची तीन पातेली आली, एक झारा.
तोवर सगळ्यांनी भाजलेली कणसं खाल्ली.

आता हेही सांगते, नाहीतर सगळंच खोटं ठरेल.
अठरा वर्षांपूर्वी, पोसोकडे,
माझ्या भावाचं घर जळलं.
कोणी जाळलं ते मला नावानिशी माहीत आहे.
आमच्या पोरांनी काय जाळलं, तेही.
त्या रात्री वाढताना माझा झारा
एका म्हाताऱ्याच्या ताटावर थांबला.
त्याच्या दाढीमागे मी कोणाचा तरी चेहरा शोधत होते.
त्याला कळलं असावं.
ताट त्यानं मागेही घेतलं नाही, पुढेही केलं नाही.
मग मी वाढलं.
जास्तच वाढलं, रागानं वाढतात तसं.
त्यानं शीत न शीत संपवलं.

पुढच्या रविवारी सवयीनं मी रिमवर हातोडी मारली
आणि आतली सगळी माणसं किंचाळत बाहेर धावली.
एका मुलीचा परकर ओला झाला होता.
त्या दिवशी रिमला गोणपाट गुंडाळलं.
मग दारोदार जाऊन सांगायचे,
"चला, उपासनेची वेळ झाली,"
आणि आम्ही कोकोच्या झाडांखाली बसायचो,
डास मारत, स्तोत्रं म्हणत.
देवळात त्यांच्या चटया.
पश्चिम कुठली ते एलिफासनंच दाखवलं.
नमाजाला उभं राहिलं की क्रूसाकडे पाठ व्हायची.
त्यावर कोणी काही बोललं नाही,
निदान माझ्या कानांवर आलं नाही.

किल्लीवालीचं नाव हाजरा.
ती माझ्याकडे खोबरेल मागायची, रोज बोटभर.
वाटायचं केसांना लावते.
किल्लीला लावायची, गंजू नये म्हणून.

चौथ्या महिन्यात ट्रक आले, माणसं गेली.
म्हातारा शेवटी चढला.
माझ्याकडे बघून त्यानं मान हलवली.
त्याचा अर्थ मी अजून लावते आहे.

दोन पातेली त्यांना दिली. एक राहिलं,
मागल्या भिंतीला, खिळ्यावर.
यंदा नाताळला मांडव भरून माणसं,
भांडी कमी पडली,
डुकराचा रस्सा कशात करायचा?
दामारीनं हात वर केला, पातेलं खिळ्यावरून काढलं,
आत बघितलं,
परत अडकवलं.

आणि सिलासला म्हणाली,
"जा, तुझ्या आईची मोठी कढई घेऊन ये."