खणाचं जॅकेट

"खिसा?" रफाकत मास्तर चष्म्यावरून बघतात.
"खणाला खिसा कोण लावतं, बाजी?"
मी लावते.
ऑफिसचं कार्ड, गाडीची किल्ली,
एसीनं नाक गळतं म्हणून रुमाल,
कुठं खोचू सगळं? कंबर तर पँटची आहे.

तीन खण, तिन्ही ओटीतले.
दोन डाळिंबी, एक कसलासा, मेंदी म्हणू या.
सात वर्षं बॅगेच्या तळाशी
डांबरगोळ्यांच्या शेजारी.
वहिनी फोनवर म्हणाली, काप खुशाल,
काठ तेवढा वाया घालवू नकोस.

मास्तर खडू उचलतात, थांबतात,
कापड दाराकडे धरतात.
बाहेर रुवीचा रस्ता उन्हानं पांढराफटक.
"आमच्या मुलतानलाही असलंच..."
वाक्य तिथंच सोडून
कात्री चालवतात.

रविवारी लिफ्टमध्ये
अकाउंट्सची जुवैना बाही चिमटीत धरते,
मग आपल्या अबायाची कड उलटून
आतलं भरतकाम दाखवते.
कुणाला दिसू नये असं हिरवं.

खिसा मात्र फार खोल झालाय.
मास्तरांनी स्वतःच्या कुर्त्याच्या मापानं शिवलाय.
कार्ड शोधताना मनगट बुडतं,
मागे रांग लागते,
आणि दार उघडायला
रोज थोडा उशीर होतो.