दोन नंबरची शेड

एक नंबरमध्ये पिंजरे, तीन मजली.
एका खणात चौघी.
चौघींना मिळून जागा तेवढीच
जेवढीत माझं रजिस्टर उघडं मावतं.
अंडं पडतं, तारेवरून घरंगळतं, पन्हाळीत येऊन थांबतं,
इतकं स्वच्छ की कुणी घातलंच नाही जणू.

दोन नंबरमध्ये गादी.
भंडाऱ्याहून ट्रकनं आलेला धानाचा कोंडा, वीतभर,
भिंतीला पत्र्याचे डबे, डब्यांत अंधार,
आणि नऊशे जणी मोकळ्या.
"नावाचीच गादी," पंचफुला म्हणते,
"दोन दिस खालीवर नाई केली तं डोये जयतात."

शैलेशभाऊंनी सांगितलं, वर्षभर लिहा.
पानाच्या मधोमध उभी रेघ,
डावीकडे एक, उजवीकडे दोन.
अंडी, फुटकी, मळकी, खाद्य, मेल्या.
जी शेड जिंकेल तशीच तिसरी बांधू.

श्रावणात डावी बाजू पुढं होती.
गादी ओली, अंडी मळकी,
पंचफुला फडकं पिळून एकेक पुसत बसायची.
काही जणी डबे सोडून मुद्दाम कोपऱ्यात घालायच्या,
शोधायला वाकावं लागायचं.
पाठीला रकाना नव्हता.

दिवाळीनंतर पिंजऱ्यातल्या चाळीस जणी
गादीवर सोडल्या.
पहिली मीच ठेवली, दोन्ही हातांनी.
ती उभी राहिली.
नखं लांब, वळलेली,
तारेला धरून राहायची सवय असलेली.
सकाळी ठेवली, दुपारीही तिथंच,
चारी बाजूंना काही नसताना
तेवढ्याच मापात.
"चाल ना माय," पंचफुला म्हणाली, "कोनं धरलं तुले?"

सहाव्या दिवशी ती बसली.
एक पंख उघडला, आडवी झाली,
आणि कोंडा उडवून अंगावर घेतला,
पुन्हा घेतला,
डोळे मिटून, पाय झाडत.
हे तिला कुणी दाखवलं असेल?
अंडं उबवणाऱ्या मशीननं तर नाही.
मी वेळ लिहिली, अकरा वीस.
कुठल्या रकान्यात ते कळेना,
समासात लिहिली.

फेब्रुवारीत रात्री गारा पडल्या.
पत्र्यावर असा दणका
की दोन नंबरच्या सगळ्या एकाच कोपऱ्याकडे धावल्या,
एकीवर एक, तिच्यावर आणखी.
आम्ही बॅटरी घेऊन पोचलो
तेव्हा ढीग वरून हलत होता, खालून नाही.
त्रेसष्ट.
ती त्यांत होती का, सांगता येत नाही.
पायात रिंग घालायची राहिली होती.
डावीकडे शून्य.
पिंजऱ्यात धावायला जागाच नसते.
शैलेशभाऊ त्या शून्यावर बोट ठेवून
बराच वेळ गप्प बसले.

मग मे.
लाइट गेली, फॉगर थांबले,
तागाची पोती भिजवून टांगली, ती तासात कडक.
पत्र्याजवळच्या आधी गेल्या, वरच्या मजल्यावरच्या,
चोची उघड्या,
पंख सैल करायचे तर शेजारणीला लागायचे.
गादीवरच्या कोंडा उकरून
खालच्या मातीला पोट टेकून पडलेल्या.
एकशे अकरा, डावीकडे.
उजवीकडे सतरा.
मी आकडे लिहिले आणि पेन झटकलं, शाई होती तरी.

त्याच आठवड्यात कॉलेजची एक मुलगी आली,
प्रोजेक्टसाठी, वही घेऊन.
पंचफुलाची शेडमागची टिनाची खोली बघून म्हणाली,
"तुम्हालाही पिंजऱ्यासारखंच वाटत असेल ना?"
पंचफुला हसली, ट्रे खाली ठेवून हसली.
"माह्या खोलीची कडी आतून हाये, पोट्टे."
मुलीनं हे लिहून घेतलं नाही.

वर्ष भरलं. शैलेशभाऊंनी बेरीज केली,
पुन्हा केली.
अंडी डावीकडे जास्त, खाद्य उजवीकडे जास्त,
मेल्या कुठल्या महिन्यात मोजता त्यावर.
बोट सरकत समासाशी आलं.
"हे अकरा वीस काय?"
मी म्हणाले, एक कोंबडी अंघोळ करत होती.
त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पान उलटलं.

दाराशी ट्रे रचत पंचफुला म्हणाली,
"शेड कोनती ते मंग ठरवा.
आधी दोन नंबरचे कोपरे बुजवा, गोल करा.
कोपरा असला की ते घुसनारच."

सोमवारी सुतार आला.
प्लायवूडचे चार तुकडे, वाकवून,
चार कोपऱ्यांत ठोकले.
हातोडीच्या पहिल्या ठोक्याला
नऊशेतल्या उरलेल्या सगळ्या
मान वर करून उभ्या राहिल्या.