नालबंद गल्लीची वही

पुठ्ठा लाल. कोपरे उंदरांनी खाल्लेले.
पहिल्या पानावर हिंदूराव तिबिल्यांचं अक्षर:
बॉल एक, चामडी, साडेअकरा रुपये.
आत फुगा घालून वरून वादी आवळायची,
हेडर मारला की गाठ कपाळावर उमटायची.
जुन्या फोटोत फॉरवर्ड कोण, ते अजून कपाळावरून कळतं.

तालीम आधीपासूनची. हौद, तांबडी माती, कोनाड्यात मारुती.
पैलवान म्हणायचे, लाथा घालायचा खेळ व्हय ह्यो?
मग एका चैत्रात वरच्या गल्लीनं
गांधी मैदानात सात गोल चढवले
आणि दुसऱ्या दिवशी तेच पैलवान
लांग सोडून, चड्ड्या घालून, अनवाणी
बॅकला येऊन उभे राहिले.
ऑफसाईड त्यांना मरेपर्यंत कळलं नाही.
त्यांच्या अंगावरनं पुढं जाणं मात्र
कुणाच्या बापाला जमलं नाही.

जर्सी अकरा, केशरी.
पुढच्या पानावर: जर्सी पुन्हा रंगवल्या.
रंगाऱ्यानं पैसे घेतले नाहीत. त्याचा पोरगा राईट आऊट.

दस्तगीर मुजावर, गोली.
दर्ग्यात ऊद घालून थेट मैदानात यायचा,
त्यानं अडवलेल्या बॉललाही वास यायचा.
अठ्ठ्याहत्तर साली फायनलला त्यानं तीन पेनल्ट्या धरल्या.
त्या तारखेखाली:
गुलाल चौदा किलो.
हलगीवाले चाळीस रुपये.
मटण, आणि पुढचा आकडा खोडलेला.
चांदीची ढाल बैलगाडीतून गल्लीत आली,
बैल बुजले म्हणून शेवटी माणसांनीच गाडी ओढली.

ढालीचं काचेचं कपाट अजून आहे. कुलूपही आहे.
ढाल नाही.
त्र्याऐंशीचं पान बघा: ढाल सराफाकडे. दस्तगीरचा गुडघा, मिरज.
समोर बारीक अक्षरात, सोडवायची.
तारीख नाही.

मग पैशाचे दिवस आले.
नगरसेवक आले, फ्लेक्स आले,
फ्लेक्सवर बॉलपेक्षा मोठे गॉगल आले.
नायजेरियाहून सॅम्युअल आला, आमच्या माडीवर राहिला.
आई त्याला तांबडा रस्सा वाढायची,
तो डोळे पुसत बास, बास म्हणायचा
आणि वाटी पुढं करायचा.
चौदा गोल केले त्यानं.
नगरसेवक पडले तसा हप्ता थांबला.
तो गेला, बूट राहिले. बारा नंबरचे.
गल्लीत कुणाच्याच पायाला होत नाहीत.

आणि ते पान.
शाहू स्टेडियम, लीगची शेवटची मॅच,
बरोबरी पुरेशी होती.
सत्त्याऐंशीव्या मिनिटाला डावीकडनं क्रॉस आला,
कुणी हाक मारली नाही, किंवा मारली असेल,
गॅलरीत पिपाण्या वाजत होत्या.
लेफ्ट बॅकनं पाय घातला.
वहीत एवढंच आहे: शून्य–एक. खालच्या गटात.
गोल कुणाचा, तो रकाना कोरा.

तिबिले तेव्हा ऐंशीचे होते, हात कापायचा,
पण चहाची उधारीसुद्धा नावानिशी लिहिणारा माणूस.
विसरले नव्हते.
त्या रात्री खरी कॉर्नरला ते मला भेटले,
मॅचबद्दल चकार शब्द नाही.
म्हणाले, आईची साखर कशी हाय?
पुढच्या वर्षी वही माझ्या हातात दिली आणि गेले.

नऊ वर्षं ते पान मी उलटून पुढं जातो.
आता पोरं अकरा भरत नाहीत.
कुणी पुण्याला, कुणी वरच्या गल्लीकडनं खेळतो,
तिथं बूट फुकट मिळतात,
त्याला काय बोलायचं.
दस्तगीर संध्याकाळी कट्ट्यावर बसतो,
मिरजेचा गुडघा लांब करून,
शाळेतनं येणाऱ्या पोरांचे पाय बघतो.
परवा एकाला थांबवून म्हणाला,
डावा हाय न्हवं रं तू?

आज दुपारी तो रकाना भरला.
पूर्ण नाव घातलं, बापाच्या नावासकट.
नवी शाई जुन्या कागदावर जरा फुटली.
मग पान उलटून यंदाचा खर्च घातला:
चुना एक पोतं, रेषा मारायला.
उधार.