डावा काप

चौगुले हवालदारांनी पट्टा टेबलावर ठेवला.
"तुम्हीच शिवलाय?"
मीच.
म्हशीचं कातडं, बाभळीच्या सालीत मुरवलेलं,
दोन पदरी, वादीनं टाचलेलं,
मधे खिसा, काड्यापेटीएवढ्या यंत्रासाठी.
जवाहरनगरात पायताणाचं माप घेऊन माणसं येतात,
पट्टणकोडोलीचा मायाप्पा रानगे आला
गाठ मारलेली सुतळी घेऊन:
"सुरंगीचा गळा हितपातुर."

मेंढरं कुणाच्याही रानात बसू देत,
सुरंगी कुठं हाय ते पोराच्या मोबाइलात दिसायचं.
निळा ठिपका
रात्रभर वाघरीभोवती येरझाऱ्या घालायचा.
पोरगं झोपेत पण एक डोळा उघडून बघायचं म्हणे.

मंगळवारी ठिपका निघाला.
हुपरीत थांबला, रेंदाळात रेंगाळला,
परत फिरला.
इतकं सावकाश कारवानी कुत्रं आयुष्यात पळत नाही,
हे तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं.
बापलेक मोटरसायकलवर ठिपक्याच्या मागं,
पहाटे कारखान्याच्या रांगेत पोचले.
ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या,
मागच्या ट्रॉलीत उसाच्या मोळीत खोचलेला पट्टा.
आत गळा नव्हता.

"चोरीचं कलम हाय," हवालदार म्हणाले,
"तीनशे एकोणऐंशीचं आता तीनशे तीन झालंय.
कुत्रं एक. पट्टा एक. यंत्र एक.
पण ह्ये कापून दुसरीकडं पाठवलं, ह्याला काय लिहू?
विजेच्या मीटरचं सील तोडलं तर कलम हाय,
काट्याचं सील तोडलं तर हाय."
मायाप्पा म्हणाला, "साहेब,
माझ्या कुत्रीच्या नावानं रातभर कुणीतरी खोटं बोललं.
त्याचं काय न्हाई व्हय?"
चौगुल्यांनी पेनाचं टोपण लावलं.
परत काढलं.

मग पट्टा माझ्याकडं सरकवला.
"तुम्ही जाणकार. कशानं कापलाय?"

दात लागला की कड विस्कटते.
ब्लेड फिरलं की कड थरथरते, दोनदा अडखळते.
ही कड गप्प होती.
एका दमात, तिरकी,
उजवीकडून डावीकडं चढत गेलेली,
आणि टाक्याच्या बरोब्बर एक दाणा अलीकडं.
दुसऱ्याची शिवण मोडायची न्हाई,
कापायचंच झालं तर टाका सोडून काप:
हे मी एकाच पोराला शिकवलंय.
सुशांत, बहिणीचा.
दोन महिने झाले, रापी घरी ठेवून
कुणाच्या तरी जीपवर असतो.
परवा नवे बूट घालून आला होता,
दुकानातले.

"रापी," मी म्हणालो.
मायाप्पा माझ्याकडं बघत होता,
मेंढराच्या खुरातला काटा शोधताना बघतात तसं.
"डावखुरा हात."
हवालदारांनी लिहून घेतलं,
शब्दाशब्दाला थांबून,
कागद माझ्याकडं फिरवला.
"सही."

मी पेन घेतलं
आणि तेव्हा कळलं, खोलीत सगळे गप्प झालेत.
चौगुले माझ्या हाताकडं बघत होते.
डावखुरे आमच्या गल्लीत दोघंच.

मी सही केली. पूर्ण नाव, बापाचं पण.

पट्टा मुद्देमालाच्या पिशवीत गेला, पिशवीला लाख लागली.
यंत्र आत चालूच होतं, कुणाला बंद करता येईना.
दारात उभं राहून पोरगं मोबाइल बघत म्हणालं,
"आबा, सुरंगी हितंच दाखवतंय."
मायाप्पाला सगळं ठाऊक होतं.
तरी त्यानं टेबलाखाली वाकून बघितलं.