लड

रस्ता जूनमध्ये उघडतो, ऑक्टोबरात मिटतो,
इमेदा सांगतो, आणि दर वळणाला
स्टिअरिंग सोडून छातीवर क्रूस काढतो.
जिथे कोणी दरीत गेलं, तिथे कडेला
एक बाटली, एक पालथा पेला.
दोनदा थांबलो. पेले दोन्ही स्वच्छ होते.

तुशेतीतलं गाव: अकरा घरं,
चुन्याशिवाय रचलेल्या काळ्या पाटीच्या दगडांची.
खाली नदी, समोर हिमाचे सुळके,
आणि मी, गळ्यात दोन कॅमेरे,
पाहायची घाई झालेला.

म्झेविनारबाईंनी उंबऱ्यातच अडवलं.
नजर माझ्या हातांवर थांबली.
स्टुलावर बसवलं, खिडकीकडे पाठ,
आणि दोन्ही पंजांत अडकवली
ओल्या मेंढीच्या वासाची राखाडी लड.

झालं. सापडलो.
त्या गुंडाळत राहिल्या,
मी हात झुलवत राहिलो, डावा, उजवा,
पाळण्याला झोका द्यावा तसा.
पाठीमागे ऊन सरकत असणार,
कळपाच्या घंटा, एका कुत्र्याचं कुणावर तरी रागावणं.
मान वळवली की त्या धागा हलकेच ओढत:
इकडे.

भाषा नव्हती आमच्यात.
बोटं होती, तर माझी गुंतलेली.
इमेदाने दारातूनच त्यांचं वय सांगितलं:
चार विसा आणि वर तीन.
इथे विसांनीच मोजतात.
माझा आजाही मोजायचा, मी म्हणालो,
वैरणीच्या पेंढ्या.
इमेदाने काय सांगितलं कोण जाणे,
त्या इतक्या हसल्या की गोळा हातून सुटला,
चुलीखाली गेला, राख घेऊन परतला.

मग दिसलं: त्यांच्या चष्म्यात
दोन खिडक्या. प्रत्येकीत
नखाएवढा डोंगर, त्यावर तिळाएवढं ऊन.
लड बारीक होत गेली तसा
तो पिवळा झाला, गुलाबी झाला,
एका टाक्याएवढा उरला, विझला.

मेंढीच्या कातड्यात मुरवलेलं चीज, खारट,
पावाच्या जाड तुकड्यावर.
मोजे कोणासाठी, मी विचारलं.
शेतेसाठी. बर्फ पडलं की सगळे खाली जातात,
तो एकटा राहतो. कोणीतरी राहावं लागतं.
का, ते इमेदालाही सांगता येईना.

बाहेर आलो तर अंधार.
दरी नव्हती, नुसती नदी ऐकू येत होती.
कॅमेरे गळ्यात तसेच,
आणि हात अजून
वीतभर अंतर राखून, हवेत.