वेणू म्याकलचा पहिला हंगाम

पहिल्या दिवशी आला तेव्हा बूट उसने होते,
अर्धा नंबर मोठे, पुढं कापूस कोंबलेला.
चाळीस यार्ड पळाला आणि कोचनं घड्याळ
दोनदा झटकून कानाला लावलं.
मी बाकावर बसून बोटाला पट्टी गुंडाळत होतो.
नऊ वर्षं ती जागा माझी, डावीकडची,
रेघेला लागून.
मनात म्हटलं, झालं की बे दस्तगीर,
आला तुझा बाप.

पण बॉल हातात टिकेना.
दोन्ही टोकांना निमुळता, अवलक्षणी बॉल,
टप्पा पडला की उधळल्या म्हशीसारखा कुठंही वळणारा.
वेणूचे डोळे त्याच्या आधीच पुढं पळायचे,
मोकळ्या गवतावर,
आणि बॉल छातीवर थाप मारून खाली.
एका सकाळी अकरा. मी मोजले.
खोटं कशाला, मोजताना बरं वाटलं.

शिवाय हाक मारली तरी वळायचा नाही.
क्वार्टरबॅक ऐनवेळी ओरडून डाव बदलायचा,
हा जुन्याच वाटेनं सुसाट.
कोच म्हणाला, माज आहे.
कोच पुण्याचा. अशोक चौकामागच्या गल्ल्या
त्याला कशा ठाऊक असणार?

मी गेलो होतो एकदा, विसरलेलं हेल्मेट द्यायला.
खाली चार माग, वर घर.
खडखडाट असा की दाढा हलतात.
वडील एका टोकाला,
आई दुसऱ्या टोकाला विड्या वळत,
आणि दोघं बोलत होते, निवांत,
आवाज न काढता. नुसते ओठ.
तेलुगूत असावं, ऐकू आलं असतं तरी मला कळलं नसतं.
आई कशालातरी हसली.
मधे वेणू, दोघांकडं आळीपाळीनं बघत,
उजवा कान लहानपणीच मागांना वाहिलेला.

दुसऱ्या दिवशी क्वार्टरबॅकला म्हटलं,
ओरडू नको त्याच्यावर, तोंड त्याच्याकडं करून बोल.
आणि वेणूला विचारलं,
धोटा येतो तेव्हा तुझा बाप कुठं बघतो?
म्हणाला, धोट्याकडं कोण बघतंय भाई,
धाग्याकडं बघायचं.
माझा उपदेश तिथंच संपला.
दोघंही गप्प. मग तोच म्हणाला,
बॉलवर दोरी असते की, पांढरी.

तेव्हापासून फिरत्या बॉलवर तो दोरी शोधायला लागला.
अकराचे सात झाले. सातचे चार.
मे महिन्यात, चव्वेचाळीस अंशांत, दोन.

पार्क मैदानावर पहिली मॅच.
आपल्या लोकांना कुठं ठाऊक
की आपला डाव असताना गप्प बसायचं असतं!
हलग्या, शिट्ट्या,
कुणीतरी गड्ड्याच्या जत्रेतला भोंगा आणलेला.
बाकीचे माना ताणून क्वार्टरबॅककडं झुकलेले.
एकटा वेणू सरळ,
हेल्मेटच्या जाळीतून ओठ बघत.
त्याला हा घरचाच आवाज.
सात पावलं पळाला, आत घुसतोय असं दाखवून
कडेला वळला, रेघेवर, माझ्या रेघेवर,
बॉल आला, दोरी गरगरत,
आणि मघाशी तिथं ठेवून गेलेली वस्तू
उचलावी तसा त्यानं तो घेतला.

पुढचा सोडला.
सरळ, छातीवरचा, शाळेतली पोरं घेतील असा.
तेही लिहायला हवं.

मी कडेला उभा. वाकडं बोट.
कमरेला त्याच्या बापानं विणलेला टॉवेल,
कोपऱ्यात एक धागा चुकलेला,
म्हणून बाजारात न गेलेला.
त्या गोंगाटात वेणू माझ्याकडं वळून काहीतरी बोलला.
पाणी म्हणाला असेल, किंवा भाई.
मला अजून वाचता येत नाही.
मी बाटली फेकली, उंच, वेडीवाकडी, डोक्यावरून जाणारी.
त्यानं बघितलंच नाही की काय,
असं मला वाटेपर्यंत थांबून
एका हातानं घेतली.