पश्चिमेची भिंत

या भिंतीवर एकोणनव्वद साली
मी केसांच्या तेलाची जाहिरात रंगवली होती.
पुरुषभर उंचीचं 'थंडगार',
अनुस्वार माझ्या डोक्याएवढा.
चटक्यानं ब्रशचे केस वाकायचे.
तेव्हा ते कोणी मोजलं नाही.

आता सांगलीहून एक पोरगी आली आहे, शाल्मली उपळेकर.
मे महिन्यात स्वतःहून अमळनेरला आलेली
मी पाहिलेली पहिलीच.
तिच्या पेटीत पांढऱ्याचे नऊ डबे,
कुठलाच दुसऱ्यासारखा पांढरा नाही,
आणि केसाएवढ्या तारा,
टोकाला मोहरीएवढं काहीतरी.
म्हणते, सुपडूकाका, चित्र तुमचं,
फक्त प्रत्येक रंगाखाली माझा एक प्रश्न राहील.

मी म्हटलं, म्हशी काढतो.
बोरीच्या कोरड्या पात्रातून घरी येणाऱ्या, सात.
ती म्हणाली, काळा नको, काळा अकरा अंशांनी जास्त तापतो.
मग काय पांढऱ्या काढू?
काढा की.

दोन दिवस मी परांचीवर चढलोच नाही.
चाळीस वर्षं पैसे घेऊन
पुढाऱ्यांना गोरं केलं,
म्हशीला नाही जमणार.

तिसऱ्या दिवशी सुरतेहून डबा आला.
दिसायला काळाच,
पण उन्हाचा जो भाग डोळ्याला दिसत नाही
तो आल्या वाटेनं परत पाठवणारा.
नखावर घेतला. काजळ.
पत्र्यावर एक पट्टा त्याचा, एक माझा,
दुपारी दोनला दोन्हींवर तळहात ठेवला.
माझ्या काळ्यानं हात झटकायला लावला.
दुसऱ्यावर तो राहिला,
आणि मला थोडा राग आला,
का ते अजून कळलेलं नाही.

शिंगांच्या कडेकडेनं तारा नेल्या.
त्यामुळे शिंगं जरा सरळ झाली,
ती चूक माझी नाही.

एकेरी विटेची भिंत ही,
दिवसभर गिळते, रात्री ओकते.
रात्री शाल्मली खाली खुर्ची टाकून
एकेका म्हशीचा ताप लिहून घ्यायची.
सातवीचं पोट गडबड करायचं.
रोज अकराच्या सुमाराला
दीड अंश खाली, पहाटे पुन्हा वर.
तिनं तार बदलली, यंत्र बदललं.
शेवटी जिना चढून
भिंतीच्या पलीकडे गेलो.

पलीकडे झिपाबाईची खाट.
दोन खिळ्यांवर ओलं गोणपाट.
तेवीस उन्हाळे म्हणाली, बोटं न मोजता.
नळाला चौथ्या दिवशी पाणी,
त्यातले रोज दोन तांबे भिंतीला.

शाल्मली बराच वेळ गोणपाटाकडे पाहत राहिली.
मला वाटलं, सातवी म्हैस खोडणार.
तिनं वहीत नवा रकाना आखला,
वर लिहिलं: गोणपाट.
मग झिपाबाईला वेळा विचारल्या, तांब्याचं माप विचारलं,
जसं आजवर तिला कोणी काही विचारलं नव्हतं.
रेशनकार्डवाल्यानं सोडून.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आकडा निघाला.
आतल्या बाजूनं तीन अंश, वर चार दशांश.
पोरगी नाचायचीच बाकी होती.
मी भिंतीला हाताची मागची बाजू लावली,
पोराचं कपाळ बघतात तशी.

झिपाबाई म्हणाली, "आते भीत जपू देस, माय."
शाल्मलीनं लिहिलं: भिंत जपते.
आमच्याकडे जपणं म्हणजे झोपणं,
हे मी सांगणार होतो.
तिनं वही मिटली होती.
राहू दिलं.

ती गेली. तारा आहेत अजून, म्हशींच्या आत.
गोणपाटही खिळ्यावर आहे, कोरडं.
आता काढा की ते, म्हटलं मी.
झिपाबाई हसली.
"रंगना काय भरोसा, भाऊ?
तुन्हं 'थंडगार' बी आठेच व्हतं."